वर, बर आणि सुपर : एका उपसर्गाचे तीन प्रवेश

भंडारा शहराला जाण्यासाठी आगगाडीतून जेथे उतरावे लागते त्या स्थानकाचे नाव ‘भंडारा रोड’ आणि ते ज्या गावात आहे त्याचे नाव वरठी. स्थानकाच्या नावातील ‘रोड’ या शब्दाचा अर्थ इतकाच, की ज्या गावाचे नाव फलकावर आहे ते गाव येथे नाही, तेथे जाणारा रस्ता तेवढा येथून निघतो. काही वर्षांपूर्वी एका चर्चासत्राहून परतताना आम्ही काही शिक्षक आणि पदव्युत्तर वर्गातील विद्यार्थी या स्थानकावर गाडीची वाट पाहत बसलो होतो. गाडीला उशीर होता आणि मराठीचे शिक्षक रिकामे बसले की व्हायचे तेच झाले : गावाच्या नावाच्या व्युत्पत्तीवर बोलणे सुरू झाले. एका विद्यार्थिनीने सुचवले की वरठी म्हणजे ‘वर’ आणि ‘ठाव’, वरचे ठिकाण, उंचावरचे गाव. सूचना इतकी नेटकी होती की आम्ही माना डोलावल्या. एवढ्यावर न थांबता आमच्यापैकी एकाने तिकीट पुढे करून त्यावरील ‘सुपरफास्ट’ या शब्दाकडे बोट दाखवले आणि सांगितले की हा ‘सुपर’ आणि तुझ्या वरठीतला ‘वर’ हे एकाच मुळाचे आहेत.

या विधानाचा अर्धा भाग खरा होता आणि अर्धा चूक. खरा भाग आमच्या कल्पनेपेक्षा कितीतरी मोठा निघाला आणि चुकीचा भाग थोडा लाजिरवाणा. दोहोंचा हिशेब येथे मांडावा म्हणून हा लेख.

लॅटिन ‘सुपर’चे कुळ सर्वांच्या परिचयाचे आहे. वर, पलीकडे, अधिक हे त्याचे अर्थ. ग्रीकमध्ये त्याचा सोयरा ‘हुपेर’, जो आज इंग्रजीतून ‘हायपर’ होऊन आपल्याकडे येतो. जर्मनमध्ये ‘यूबर’, इंग्रजीत ‘ओव्हर’, संस्कृतात ‘उपरि’. येथे विद्यार्थ्यांची एक चूक नेहमी होते आणि ती चूक बुद्धिमान विद्यार्थ्याकडूनच होते. संस्कृत ‘सप्त’, लॅटिन ‘सेप्टेम’, ग्रीक ‘हेप्ता’ ही मालिका त्याला ठाऊक असते. लॅटिनमधील आरंभीच्या ‘स’ला ग्रीकमध्ये ‘ह’ हा नियमही त्याने पाठ केलेला असतो. तेव्हा ‘सुपर’ आणि ‘हुपेर’ पाहताच तो म्हणतो, मूळ शब्दात ‘स’ होता. मग संस्कृत ‘उपरि’तील ‘स’ कोठे गेला? सप्तातला तर गेला नाही. उत्तर असे की येथे ‘स’ मुळात नव्हताच. ग्रीक भाषा शब्दारंभीच्या प्रत्येक ‘उ’पुढे ‘ह’ उच्चारते, ती तिची सवय आहे. आणि लॅटिनमधील ‘स’ हा लॅटिनने व तिच्या शेजारच्या बोलींनी मागाहून जोडलेला आहे, बहुधा ‘एक्स’ या दुसऱ्या उपसर्गाचा तो शेष असावा. दोन भाषांनी दोन वेगळ्या कारणांनी एकेक वर्ण पुढे लावला आणि योगायोगाने ती जोडी नियमात बसल्यासारखी दिसली. संस्कृताचे रूप या बाबतीत अधिक जुने आहे. ‘सुपर’चा धाकटा भाऊ ‘सब’ याचीही कथा हीच : संस्कृत ‘उप’, ग्रीक ‘हुपो’, लॅटिन ‘सुब्’. इंग्रजीतील ‘अप’ हाही याच ‘उप’चा भाऊबंद. लॅटिनमध्ये ‘सुब्’ म्हणजे खाली आणि इंग्रजीत ‘अप’ म्हणजे वर, हे ऐकून वर्गात हसू येते. पण मूळ अर्थ ‘खालून वर येत जवळ’ असा धरला म्हणजे एकाने वाटेचा आरंभ घेतला, दुसऱ्याने शेवट आणि संस्कृताने मधले ‘जवळ’, एवढेच. म्हणजे स्थानकावर ज्या गाडीला ‘अप’ म्हणतात आणि कचेरीत ज्या अधिकाऱ्याला ‘सब-इन्स्पेक्टर’ किंवा ‘उपनिरीक्षक’ म्हणतात, त्यांच्यात एकच अव्यय तीन वेशांत वावरत असते.

आता ‘उपरि’ मराठीत कसे उतरले ते पाहू, कारण या कथेचा आमच्या दृष्टीने सर्वांत समृद्ध भाग तोच आहे. प्राकृतात या शब्दाची दोन रूपे चालत होती. एक ‘उवरि’, ज्यात दोन स्वरांमधला ‘प’ मऊ होऊन ‘व’ झाला. दुसरे ‘उप्परि’, ज्यात ‘प’ दुहेरी झाल्यामुळे टिकला. दुसऱ्या रूपातून हिंदीतील ‘ऊपर’ आले, दुहेरी ‘प्प’ एकेरी होताना त्याचे वजन मागच्या ‘उ’ला देऊन. पहिल्या रूपातून मराठीतील ‘वर’ आले, आरंभीचा आघातहीन ‘उ’ गळून. ज्ञानेश्वरीच्या आणि महानुभावांच्या मराठीत ‘वरि’, ‘वरी’ अशी इकारान्त रूपे आहेत, म्हणजे शेवटचा स्वर त्या काळापर्यंत शिल्लक होता. भंडारा जिल्ह्याची उत्तर सीमा मध्य प्रदेशातील बालाघाटला लागून आहे. त्यामुळे या भागातील स्थानकावर ‘सामान ऊपर ठेवा’ आणि ‘सामान वर ठेव’ ही दोन्ही वाक्ये एकाच बाकावर ऐकू येतात. दोन हजार वर्षांपूर्वीचा एक ‘प’ आणि एक ‘प्प’ तेथे शेजारी बसलेले असतात.

आरंभीचा आघातहीन स्वर गळणे ही मराठीची जुनी खोड. ‘अरण्य’ याचे रान झाले, ‘अरघट्ट’ याचा रहाट झाला, ‘अरिष्ट’ या वृक्षनामाचा रिठा झाला. (हा रिठा पुढे पुन्हा भेटेल.) सर्वांत सुंदर उदाहरण ‘बसणे’ या क्रियापदाचे आहे. ‘उपविशति’ याचा आरंभीचा ‘उ’ गेला, ‘प’ आणि ‘व’ यांचा मेळ होऊन ‘ब’ झाला आणि ‘बैसणे’, मग ‘बसणे’ उरले. म्हणजे आपल्या साध्या ‘बस’ या आज्ञेत ‘उप’ हा उपसर्ग, अर्थात लॅटिन ‘सुब्’चा सख्खा भाऊ, दडून बसला आहे आणि कोणालाही त्याची चाहूल लागत नाही. झ्यूल ब्लॉक यांच्या मराठी भाषेवरील फ्रेंच ग्रंथात, ज्याचे भाषांतर वा. गो. परांजपे यांनी १९४१ साली मराठीत केले, या स्वरलोपाचा विचार आहे. आणि टर्नर यांच्या भारतीय-आर्य भाषांच्या तौलनिक कोशात तर अशा शब्दांची बिऱ्हाडे भाषावार मांडलेली सापडतात. विद्यार्थ्यांनी हे दोन ग्रंथ निदान हाताळावेत, असे आम्ही दरवर्षी सांगतो. दरवर्षी दोघेतिघे हाताळतात, यात आम्हांला समाधान आहे.

‘वर’च्या बाबतीत आणखी एक गोष्ट घडली. लॅटिनमध्ये ‘सुपर’ नामाच्या आधी येतो. मराठीत ‘वर’ नामाच्या मागे जाऊन चिकटला. झाडावर, गाडीवर, डोक्यावर. व्याकरणात आपण शिकवतो की शब्दयोगी अव्यय लागताना नामाचे सामान्यरूप होते, ‘झाड’चे ‘झाडा’ होते. का होते, हे सहसा शिकवत नाही. संस्कृतात ‘उपरि’ला षष्ठी लागते : ‘वृक्षस्य उपरि’. हा ‘अस्य’ प्राकृतात ‘अस्स’ झाला, पुढे झिजून ‘आ’ उरला. ‘झाडावर’मधील तो काना म्हणजे जुन्या षष्ठीची शेवटची खूण आहे. शाळेतल्या मुलाला सामान्यरूप म्हणजे मास्तरांचा हट्ट वाटतो. प्रत्यक्षात तो ‘झाडाच्या वर’ असेच म्हणत असतो, फक्त ‘च्या’ त्याच्या पूर्वजांनी आधीच उच्चारून ठेवलेला असतो.

हा झाला पहिला प्रवेश, घरातला. दुसरा प्रवेश फारसीच्या दाराने झाला आणि त्याकडे आपले जवळजवळ दुर्लक्ष आहे.

हखामनी राजा दारयवहू याच्या बेहिस्तून येथील शिलालेखात ‘उपरिय्’ हा शब्द आहे. संस्कृत ‘उपरि’ची ती इराणी सख्खी बहीण. मध्य-फारसीत तिचे ‘अबर’ झाले आणि अर्वाचीन फारसीत, येथेही आरंभीचा स्वर गळून, ‘बर’. मराठी ‘वर’ आणि फारसी ‘बर’ यांच्यात एका ओठांच्या वर्णाचा काय तो फरक. दख्खनच्या सुलतानांच्या दफ्तरांतून हा ‘बर’ मराठीत आला तो एकटा आला नाही, तयार जोडशब्दांच्या पोटात बसून आला. ‘बर हुकूम’ म्हणजे शब्दशः ‘हुकमावर’. त्यावरून मराठी कागदपत्रांत ‘आज्ञेबरहुकूम’ असे रूप रूढ झाले. ‘बर खास्त’ म्हणजे वर उठले. दरबार उठला की तो बरखास्त झाला. ‘बर करार’ म्हणजे करारावर, ठरल्या जागी कायम. आणि ‘बर बाद’? फारसी ‘बाद’ म्हणजे वारा, संस्कृत ‘वात’. बरबाद म्हणजे अक्षरशः ‘वाऱ्यावर’. मराठी माणूस एखाद्याला ‘वाऱ्यावर सोडतो’ तेव्हा तो नकळत त्या फारसी शब्दाचा पदन्पद अनुवाद करीत असतो. निदान दोन भाषांना तीच प्रतिमा सुचली आहे. ही जुळणी ध्यानात आली त्या दिवशी आम्ही वर्गातील ठरलेला पाठ बाजूला ठेवला होता, हे कबूल करावे लागेल.

काही ठिकाणी ‘बर’ने वेशही पालटला. फारसी ‘बर-दाश्तन’ म्हणजे उचलून धरणे, सांभाळणे. हिंदीत त्याचे ‘बर्दाश्त’, सहन करणे, झाले. मराठीत मात्र पाहुण्यांची ‘बडदास्त’ झाली. ‘बर तरफ’ म्हणजे बाजूवर, एकीकडे. मराठीत नोकरीवरून ‘बडतर्फ’. दोन्ही शब्दांत ‘बर’चे ‘बड’ झाले. बोलणाऱ्याला बहुधा ‘बडा’ हा ओळखीचा शब्द आत दिसला असावा : पाहुणचार मोठा, शिक्षाही मोठी. परका अवयव कळेनासा झाला की भाषा त्याच्या जागी घरचा अवयव बसवते आणि निश्चिंत होते. सरकारी कचेरीत एखादा कर्मचारी आधी ‘सस्पेंड’ होतो आणि मग ‘बडतर्फ’ होतो. पहिल्या शब्दाच्या पोटात लॅटिन ‘सुब्’ आहे आणि दुसऱ्याच्या पोटात इराणी ‘उपरिय्’. बिचाऱ्याला उप आणि उपरि दोघेही लागले.

शिवाजी महाराजांच्या राज्याभिषेकानंतर, १६७७ च्या सुमारास, रघुनाथपंत हणमंते यांच्या देखरेखीखाली ‘राज्यव्यवहारकोश’ सिद्ध झाला. त्यात दरबारी फारसी शब्दांना संस्कृत प्रतिशब्द दिले आहेत. त्या कोशाचा राजकीय अर्थ मोठा आहे आणि तो कमी लेखण्याचा आमचा हेतू नाही. परंतु ‘बर’ने सुरू होणारे शब्द पेशवाईअखेरपर्यंत दफ्तरांत आणि आजपर्यंत बोलण्यात टिकले. माधवराव पटवर्धन, म्हणजेच माधव जूलियन, यांनी १९२५ साली फारसी-मराठी कोश केला तेव्हा ते मराठीच्या अंगात किती मुरले आहेत हे एकत्र पाहण्याची सोय झाली. (येथे एक सावधगिरी : ‘बरोबर’मधला ‘बर’ हा नव्हे. फारसी ‘बराबर’मध्ये ‘बर’ म्हणजे छाती. छातीला छाती लावून उभे, म्हणून समान. आणि मराठी ‘बरा’ हा तर ‘वर’ म्हणजे श्रेष्ठ, निवडलेला, यावरून. आवाज सारखा म्हणून नाते जुळवणाऱ्यांसाठी हे तीन शब्द पुरेसे आहेत.)

तिसरा प्रवेश लॅटिनचा, इंग्रजीच्या आडून. विदर्भात तो कधी झाला याची एक चांगली खूण सापडते. भारताच्या महात्रिकोणमितीय सर्वेक्षणाचा पहिला प्रमुख विल्यम लॅम्बटन नागपूरकडे जात असता २० जानेवारी १८२३ रोजी हिंगणघाट येथे वारला. त्याचे थडगे तेथेच आहे. त्याचे पद ‘ग्रेट ट्रिगोनोमेट्रिकल सर्व्हे’चा ‘सुपरिंटेंडंट’ असे होते. या एका पदनामात ‘सुपर’ दोनदा आहे : एकदा उघड, ‘सुपरिंटेंडंट’मध्ये, एकदा झाकलेला, ‘सर्व्हे’मध्ये. ‘सुपर’ फ्रेंचमध्ये झिजून ‘सुर’ झाला आणि तेथून इंग्रजीत आला. ‘सर्व्हे’ म्हणजे वरून पाहणे, ‘सुपर’ अधिक ‘विदेरे’. आणि ‘सुपरवाइज’ म्हणजेही तेच, फक्त ते विद्वानांनी लॅटिनमधून पुन्हा नव्याने घडवले. त्याच काळात नागपूरच्या भोसल्यांच्या राज्याचा कारभार अल्पवयीन रघूजी तिसरे यांच्या नावाने रेसिडेंट रिचर्ड जेन्किन्स पाहत होता आणि जिल्ह्यांवर नेमलेल्या इंग्रज अधिकाऱ्यांना ‘सुपरिंटेंडंट’ म्हणत. वैनगंगेच्या काठच्या रयतेने हा उपसर्ग पहिल्यांदा ऐकला असेल तो या रूपात : वर बसून पाहणारा साहेब.

मग रेल्वे आली. नागपूर ते राजनांदगाव ही मीटरमापी छत्तीसगढ रेल्वे १८८२ पर्यंत पूर्ण झाली. १८८७ मध्ये स्थापन झालेल्या बंगाल-नागपूर रेल्वे कंपनीने ती ताब्यात घेऊन रुंद मापाची केली आणि वरठी मुंबई-हावडा मार्गावर आले. पुढे १९८० च्या दशकाच्या अखेरीस सनफ्लॅगचा पोलाद कारखाना येथे उभा राहिला आणि कारखान्याबरोबर ‘सुपरवायझर’ व ‘ओव्हरटाइम’ हे शब्द घरोघरी गेले. बांधकाम खात्याचा ‘ओव्हरसियर’ त्याआधीच जिल्ह्यात फिरत होता. ओव्हरसियर, सुपरवायझर, सर्व्हेअर : तिन्ही शब्दांचा अर्थ ‘वरून पाहणारा’, पहिला जर्मानिक अवयवांचा, दुसरा शुद्ध लॅटिन, तिसरा फ्रेंचमधून आलेला, तिघांना वेगळे वेतन आणि वेगळा रुबाब. आमच्या तिकिटावरील सुपरफास्ट गाडीचीही गंमत पाहण्याजोगी आहे. रेल्वेच्या नियमानुसार रुंद मापावर सरासरी ताशी ५५ किलोमीटर किंवा अधिक वेग असलेल्या गाडीला हे नाव मिळते आणि तिच्यासाठी वेगळा ‘सरचार्ज’ पडतो. ‘सर’ म्हणजे पुन्हा तोच फ्रेंच ‘सुर’. ‘चार्ज’ म्हणजे मुळात गाडीवरचे ओझे. हिंदी-मराठीत त्याचा ‘अधिभार’ केला आहे, तो अवयवाला अवयव जुळवून, ओझ्यासकट. मराठीत यासाठी एक देशी शब्द होता, ‘वरताळा’. नाणे बदलताना जी रक्कम वर मोजावी लागे तिला वरताळा म्हणत. तो आज कोशात आहे, तिकीट-खिडकीवर नाही.

पदनामे मराठीत आणताना आपल्या भाषातज्ज्ञांनी ‘उपरि’ला हात लावला नाही, हे आम्हांला लक्षणीय वाटते. सुपरिंटेंडंट ‘अधीक्षक’ झाला, सुपरवायझर ‘पर्यवेक्षक’ झाला. म्हणजे एकदा ‘अधि’ घेतला, एकदा ‘परि’. सर्व्हेचे ‘सर्वेक्षण’ झाले, त्यात तर ‘सर्व’ आणि ‘ईक्षण’ अशी फोड करून ‘सर्व्हे’चा आवाजच राखला. शब्द चांगला आहे, रुळलाही आहे, पण ‘वरून पाहणे’ जाऊन ‘सर्व पाहणे’ झाले आणि फ्रेंच ‘सुर’ मराठी ‘सर्व’च्या अंगरख्यात शिरला. ‘बडदास्त’ जनतेने केली, ‘सर्वेक्षण’ पंडितांनी केले; युक्ती दोघांची एकच.

तीन प्रवेश शेजारी ठेवले म्हणजे जी गोष्ट डोळ्यांत भरते ती अशी. मूळ एक, अर्थ एक, पण मराठीत तिघांना कामे वेगळी मिळाली. फारसी ‘बर’ला हुकूम आणि नोकरी मिळाली : बरहुकूम, बरखास्त, बडतर्फ. लॅटिन ‘सुपर’ला आधी देखरेख आणि मग स्तुती मिळाली : सुपरवायझर, सुपरस्टार, सुपरहिट, आता तर तो उपसर्गपणही सोडून ‘एकदम सुपर’ असा स्वतंत्र विशेषण झाला आहे. आणि घरच्या ‘वर’ला, तो शब्दाच्या आरंभी येतो तेव्हा, काय मिळाले? वरवर, वरपांगी, वरकरणी, वरकमाई. दिखाऊपणा आणि चिरीमिरी. लॅटिनमध्येही ही छटा आहे. ‘सुपरफिशियल’ म्हणजे वरच्या पृष्ठापुरते, आपला ‘वरवरचा’च. गर्विष्ठ या अर्थाचा ‘सुपेर्बुस’ही त्याच कुळातला. परंतु लॅटिनने ‘सुपेरिओर’ आणि ‘सुम्मुस’ हे मानाचे शब्दही त्याच मुळातून काढले. मराठीने मानासाठी ‘वरिष्ठ’ वापरला, आणि तो ‘वर’ म्हणजे उंच यावरून नव्हेच. संस्कृतात तो ‘उरु’, विस्तीर्ण, याचे तमभाववाचक रूप आहे. पुष्कळांना तो ‘वरचा’ याचा थोरला भाऊ वाटतो, कचेरीत तर फारच.

अर्थात हे चित्र इतके सरळ नाही. ‘वरचढ’ आणि ‘वरचष्मा’ या शब्दांत सामर्थ्य आहे, आणि ‘वरचा मजला’ किंवा ‘वरचा वर्ग’ म्हणताना कोणी नाक मुरडत नाही. तरीही कल पाहिला तर आमचे म्हणणे असे, की उपसर्गाची पायरी त्याच्या अर्थावर ठरली नाही, तो कोणाबरोबर आला यावर ठरली. दफ्तराबरोबर आलेला हुकूम सांगू लागला, आगगाडी आणि चित्रपटाच्या जाहिरातीबरोबर आलेला मिरवू लागला; घरात जन्मलेला माळ्यावर आणि फडताळावर वस्तू ठेवीत राहिला.

आता आमची चूक. वरठीतला ‘वर’ हा ‘उपरि’ आहे, असे आम्ही त्या दिवशी सांगून बसलो. पुढे ग्रंथालयात रसेल आणि हिरालाल यांचे मध्य प्रांतातील जातीजमातींवरील चार खंड, १९१६ चे, चाळताना ‘धोबी’ या नोंदीच्या मथळ्यातच पर्यायी नाव सापडले : ‘वरठी’. विदर्भात परीट समाजासाठी हा शब्द चालत आला आहे. रसेलची जातींविषयीची मते आज जशीच्या तशी घेता येत नाहीत, त्यांत वसाहतीच्या काळाचे पूर्वग्रह भरपूर आहेत. पण एखादा शब्द त्या काळी प्रचारात होता याची साक्ष म्हणून ती नोंद पुरेशी आहे. गावाच्या नावाशी अक्षरन्अक्षर जुळणारा एक पूर्ण, जिवंत शब्द त्याच भागात असताना आम्ही त्याचे दोन तुकडे केले, पहिल्या तुकड्याला संस्कृतातले कूळ दिले, आणि ‘ठाव’चे ‘ठी’ कसे होते हे विचारलेसुद्धा नाही. ‘ठाव’ किंवा ‘ठाय’ यांतून हे ‘ठी’ निघण्याला कोणताही नियम साह्य करीत नाही.

लोकव्युत्पत्तीचा कल बहुधा वर जाण्याकडे असतो. ‘सॉव्हरिन’ या इंग्रजी शब्दाचेच पाहा. लॅटिन ‘सुपेरानुस’, वर असलेला, याचे जुन्या फ्रेंचमध्ये ‘सोव्हरॅं’ झाले; इंग्रजांनी त्याच्या स्पेलिंगमध्ये एक ‘जी’ घातला, कारण त्यांना त्यात ‘रेन’, राज्य करणे, हा शब्द दिसला. ‘सुपर’चाच वंशज, पण त्यालाही वर राजवस्त्र हवे झाले. सिसेरोने ‘सुपेरस्तितिओ’ची, म्हणजे अंधश्रद्धेची, व्युत्पत्ती देताना सांगितले की आपली मुले आपल्यामागे उरावीत म्हणून जे दिवसभर प्रार्थना करीत त्यांच्यावरून हा शब्द आला. कथा हृद्य आहे, भाषाशास्त्र तिच्यावर विसंबत नाही. आणि भंडाऱ्याचेच नाव घ्या. ते ‘भांडार’ यावरून आले असे आवडीने सांगितले जाते. परंतु रतनपूरचा कलचुरी राजा जाजल्लदेव याच्या १११४ च्या शिलालेखात लांजी आणि वैरागड यांच्या सोबत ‘भाणार’ या प्रदेशाचा उल्लेख आहे आणि तो भंडाराच होय असे मानले जाते. तेथे ‘ड’ नाही. कोठार मागाहून बांधलेले दिसते.

परीट समाजाच्या नावाचे गाव ‘उंच ठिकाण’ ठरवताना आम्हां शिक्षकांच्या मनात काय होते, हा प्रश्न आम्ही एकमेकांना विचारला. उत्तर फारसे सुखाचे नव्हते. मुद्दाम कोणी काही लपवले नव्हते. फक्त उपसर्ग दिसताच संस्कृत आणि लॅटिन आठवले, आणि कपडे धुणाऱ्यांचा शब्द, जो आमच्यापैकी दोघांनी लहानपणी रोज ऐकला होता, तो आठवला नाही. त्या दोघांनी हे स्वतः सांगितले. एकाच्या घरी तर वरठीण आठवड्याच्या आठवड्याला कपडे न्यायला येई आणि पाण्यात भिजवलेल्या रिठ्यांचा वास तिच्या पदराला असे. ‘अरिष्ट’ याचा रिठा, हे आम्ही वर्गात फळ्यावर कितीदा लिहिले होते.

ज्या विद्यार्थिनीने ती व्युत्पत्ती सुचवली होती तिला आम्ही हे कळवले. तिने आपल्या टिपणवहीतील ‘वर + ठाव’ खोडले आणि मोहाडी तालुक्यातील व आसपासच्या गावांची जी नावे व्यवसायांच्या नावांशी जुळतात त्यांची यादी करायला घेतली. पहिल्या पानावर तिने एक रकाना आखला आहे : ‘गावातील लोक काय सांगतात’. दुसरा रकाना : ‘जुन्या कागदात काय लिहिले आहे’. दुसरा अजून बराच रिकामा आहे.